'शट डाउन' केलं तरी कॉम्प्युटर बंद होईना? पॉवर बटण दाबून धरण्याआधी हे समजून घ्या

संध्याकाळी काम आटोपलं, बॅग खांद्याला अडकवली आणि 'शट डाउन'वर क्लिक केलं. स्क्रीनवर 'शटिंग डाउन' अशी अक्षरं आली, टिंबं गोल गोल फिरू लागली आणि तिथेच अडकली. एक मिनिट गेलं, तीन गेली. नेहमीची लोकल सुटणार म्हणून शेवटी बोट पॉवर बटणावर जातं आणि स्क्रीन काळी होईपर्यंत दाबून धरलं जातं. डेस्कटॉप असेल तर थेट बोर्डावरचा स्विच बंद!

तेवढ्यापुरतं काम होतं. खरा फटका दुसऱ्या दिवशी बसतो. दिवसभर भरलेली एक्सेल शीट अर्धवट सेव्ह झालेली असते, अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर 'डेटा रिपेअर करा' म्हणतं किंवा विंडोज सुरू होण्याऐवजी डिस्क तपासायला बसतं. वाचवलेल्या तीन मिनिटांच्या बदल्यात तीन तास जातात.

कॉम्प्युटर बंद व्हायला वेळ लागतो, तेव्हा बहुतेकदा तो नुसता रेंगाळत नसतो, कुणाची तरी वाट पाहत असतो. ते 'कुणीतरी' सापडलं की उशीर कमी होतो. ते न शोधता फक्त वाट पाहण्याची मुदत कापली, तर धोका आपल्याच कामाला असतो. हा लेख मोबाइलवर उघडा ठेवा आणि समोरच्या विंडोज १० किंवा ११ कॉम्प्युटरवर एकेक गोष्ट तपासत जा.

बंद होताना आत नेमकं काय चालतं?

दुकान बंद करणारा दुकानदार आठवा. तो थेट शटर ओढत नाही. आधी आतल्या गिऱ्हाइकांना 'चला, आवरा' म्हणतो, मग गल्ला मोजतो, वही पुरी करतो, दिवे घालवतो आणि शेवटी शटर खाली येतं. विंडोजही याच क्रमाने जातं.

'शट डाउन' म्हटल्यावर विंडोज उघड्या असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला विचारतं, 'बंद करतोय, तुझं काही बाकी आहे का?' प्रोग्रॅमने आपलं काम सेव्ह करून 'चालेल' म्हणायचं असतं. एखाद्याने साधारण ५ सेकंदांत उत्तर दिलं नाही, तर विंडोज त्याला अडकलेला समजतं आणि 'हे ॲप शट डाउन होऊ देत नाही' असा पडदा दाखवतं.

त्यानंतर तुम्ही लॉग ऑफ होता. मग पाळी येते सर्व्हिसेसची. सर्व्हिस म्हणजे स्क्रीनवर न दिसता मागे चालणारा प्रोग्रॅम. प्रिंटरची रांग सांभाळणारा, अँटिव्हायरसचा, डेटाबेसचा, अपडेट तपासणारा असे कितीतरी. त्यांनाही आवरायला वेळ दिला जातो.

शेवटचं काम सगळ्यात नाजूक. तुम्ही फाइल सेव्ह करता, तेव्हा ती प्रत्येक वेळी लगेच डिस्कवर उतरतेच असं नाही. वेग मिळावा म्हणून विंडोज काही माहिती आधी रॅममध्ये ठेवतं आणि सवडीने डिस्कवर लिहितं. बंद होताना ही उरलेली सगळी माहिती डिस्कवर जाते. मग हार्डवेअरचे ड्रायव्हर बंद होतात आणि वीज तुटते. नेमक्या याच वेळी कुणी स्विच बंद केला, तर रॅममधलं जे डिस्कवर पोहोचलं नाही ते गेलंच.

विंडोज ज्या पद्धतीने फाइली ठेवतं, त्या एनटीएफएस रचनेत बदलांची नोंदवही असते. वीज गेली तरी डिस्कचा सांगाडा सहसा शाबूत राहतो तो तिच्यामुळे. पण ही नोंदवही फाइलींची रचना वाचवते, फाइलीतला मजकूर नव्हे. म्हणूनच फाइल जागेवर दिसते, पण उघडली की आत कालचा मजकूर नसतो.

उशीर कोण करतंय, ते कसं शोधायचं?

गंमत म्हणजे विंडोज याची नोंद स्वतःच ठेवतं. आपण फक्त ती उघडत नाही.

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करा आणि 'इव्हेंट व्ह्युअर' उघडा. डावीकडच्या यादीत 'ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज', त्यात 'मायक्रोसॉफ्ट', त्यात 'विंडोज', त्यात 'डायग्नोस्टिक्स परफॉर्मन्स' आणि शेवटी 'ऑपरेशनल' असं आत जा. यादी लांबलचक असली तरी इंग्रजी अक्षरक्रमाने लावलेली असते.

इथे 'इव्हेंट आयडी'च्या रकान्यात तीन आकडे शोधा.

२०० : कॉम्प्युटर बंद व्हायला एकूण किती वेळ लागला. आकडा मिलिसेकंदात असतो. १००० मिलिसेकंद म्हणजे १ सेकंद, म्हणजे ९५००० दिसलं तर ९५ सेकंद.

२०१ : कोणत्या प्रोग्रॅममुळे उशीर झाला.

२०३ : कोणत्या सर्व्हिसमुळे उशीर झाला.

एकाच दिवसाच्या नोंदीवरून निष्कर्ष काढू नका. आठवडाभराच्या नोंदी पाहा. तेच नाव पुन्हा पुन्हा येत असेल, तर चोर सापडला. २०० क्रमांकाचा आकडा कागदावर लिहूनही ठेवा. उपाय केल्यावर खरंच फरक पडला की नुसतं वाटतंय, हे त्यावरूनच कळेल.

नेहमीचे संशयित

नोंदीत नाव सापडलं तर तिथूनच सुरुवात करा. नाही सापडलं तर पुढच्या गोष्टी क्रमाने तपासा.

१. मागे चालू राहणारे ॲप्स. ब्राउझरच्या फुलीवर क्लिक केलं म्हणजे तो बंद झालाच असं नाही. क्रोम आणि एज या दोन्हींच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' विभागात 'ब्राउझर बंद केल्यावरही मागे ॲप्स चालू ठेवा' अशा अर्थाचा पर्याय असतो. गरज नसेल तर तो बंद करा. घड्याळाजवळच्या छोट्या बाणावर क्लिक केलं की चॅट, गेम लाँचर, क्लाउड स्टोरेज असे आणखी पाहुणे दिसतील. 'सेटिंग्ज', 'ॲप्स', 'स्टार्टअप' इथे जाऊन, जे रोज लागत नाहीत त्यांचं कॉम्प्युटरबरोबर आपोआप सुरू होणं थांबवा. जो सुरूच झाला नाही, त्याला बंद करावं लागत नाही.

२. दोन अँटिव्हायरस. नव्या लॅपटॉपवर अनेकदा ठरावीक मुदतीचा अँटिव्हायरस आधीच टाकलेला असतो. मुदत संपली तरी तो तिथेच राहतो आणि वर आपण दुसरा टाकतो. दोघेही प्रत्येक फाइल तपासायला धावतात. एकच ठेवा. विंडोजमध्ये 'डिफेंडर' मुळातच असतो.

३. जोडलेली उपकरणं. प्रिंटर, बाहेरची हार्ड डिस्क, जुना वेबकॅम यांचा ड्रायव्हर बिघडलेला किंवा जुना असेल, तर विंडोज त्याच्या उत्तरासाठी ताटकळतं. एका संध्याकाळी कीबोर्ड आणि माउस सोडून सगळं सुरक्षितपणे काढा आणि मग शट डाउन करा. फरक पडला तर एकेक उपकरण पुन्हा जोडत दोषी शोधा. त्या उपकरणाचा नवा ड्रायव्हर कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या.

४. जुनी हार्ड डिस्क. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि लिहिणारी सुई जागोजागी फिरते. एसएसडीत फिरणारा भागच नसतो. बंद होताना विखुरलेल्या शेकडो छोट्या नोंदी लिहाव्या लागतात, तिथे हा फरक जाणवतो. कॉम्प्युटर सुरू व्हायला, फाइल उघडायला आणि बंद व्हायलाही वेळ लागत असेल, तर सेटिंगमध्ये शोधाशोध करण्यापेक्षा एसएसडी बसवून घेणं बरं. मात्र हार्ड डिस्कमधून टक टक असा आवाज येत असेल, तर आधी बॅकअप घ्या. तो वेगाचा प्रश्न नाही, डिस्क शेवटच्या घटका मोजत असू शकते.

५. पेज फाइल पुसण्याची सेटिंग. रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कवरची जागा वापरतं, तिला पेज फाइल म्हणतात. बंद होताना ती पूर्ण पुसावी, अशी एक सुरक्षा सेटिंग आहे. एरवी ती बंद असते. चालू असेल तर पूर्ण फाइलवर शून्य लिहिलं जातं. हिशेब सोपा आहे. पेज फाइल ८ जीबीची आणि डिस्कचा वेग सेकंदाला १०० एमबी असेल, तर तेवढ्यालाच सुमारे ८० सेकंद लागतात. घरच्या कॉम्प्युटरवर याची सहसा गरज नसते. ऑफिसच्या मशीनवर मात्र ती गोपनीयतेसाठी मुद्दाम लावलेली असू शकते. आयटी विभागाला विचारल्याशिवाय तिला हात लावू नका.

यातलं काहीच नसेल तर 'क्लीन बूट' करून पाहा. सर्चमध्ये 'सिस्टिम कॉन्फिगरेशन' उघडा, 'सर्व्हिसेस'मध्ये आधी 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस'वर खूण करा आणि मगच बाकीच्या बंद करा. ही खूण विसरलात तर विंडोजच्या स्वतःच्या सर्व्हिसेसही बंद होतील, म्हणून क्रम पाळा. रिस्टार्ट करा, मग शट डाउन करून वेळ मोजा. झटकन बंद झाला तर दोषी त्या बंद केलेल्यांपैकीच आहे. अर्ध्या अर्ध्या चालू करत गेलं की तो लवकर सापडतो. तपासणी झाली की सगळं पूर्ववत करा.

'शट डाउन' म्हणजे पूर्ण बंद नव्हे!

अनेकांना धक्का देणारी गोष्ट म्हणजे, विंडोज ८ पासून 'शट डाउन' केल्यावर कॉम्प्युटर पूर्ण बंद होतोच असं नाही. २०१२ साली आलेल्या या आवृत्तीत 'फास्ट स्टार्टअप' आलं. त्यात तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर ज्या स्थितीत आहेत, त्याची प्रत डिस्कवर ठेवली जाते. सकाळी ती उचलली की सुरुवात लवकर होते.

याचे दोन परिणाम. बंद होताना ही प्रत लिहिण्याचं काम वाढतं, जे जुन्या हार्ड डिस्कवर जाणवू शकतं. दुसरं म्हणजे, एखादा ड्रायव्हर बिघडलेल्या अवस्थेत असेल तर तोही दिवसेंदिवस तसाच राहतो. खात्री करायची असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. 'परफॉर्मन्स'मध्ये 'सीपीयू'खाली 'अप टाइम' दिसेल. रोज रात्री बंद करूनही तिथे १५ दिवस दिसत असतील, तर तुमचा कॉम्प्युटर १५ दिवस खऱ्या अर्थाने बंद झालेला नाही.

'रिस्टार्ट' मात्र सगळं नव्याने सुरू करतं. म्हणून आठवड्यातून एकदा रिस्टार्ट करा. एखाद्या दिवशीच पूर्ण बंद करायचा असेल, तर शिफ्ट दाबून ठेवून 'शट डाउन'वर क्लिक करा. फास्ट स्टार्टअप कायमचं बंद करून पाहायचं असेल, तर कंट्रोल पॅनेलमधल्या 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' इथे जा, अनुपलब्ध सेटिंग बदलण्याच्या ओळीवर क्लिक करा आणि 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'वरची खूण काढा. यानंतर सकाळी सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागेल. कोणती वेळ तुम्हाला जास्त महत्त्वाची आहे, ते तुम्ही ठरवा.

अपडेट चालू असेल तर?

'अपडेट अँड शट डाउन' निवडलं असेल तर उशीर हा बिघाड नाही, ते कामच आहे. 'कॉम्प्युटर बंद करू नका' ही सूचना इथे शब्दशः घ्यायची. विंडोजच्या मुख्य फाइली बदलल्या जात असतात. मध्येच वीज गेली तर विंडोज सहसा मागे फिरून जुनी स्थिती आणायचा प्रयत्न करतं, पण प्रत्येक वेळी ते जमेलच असं नाही.

आपल्याकडे यात विजेचा मुद्दा येतो. घरगुती यूपीएसवर डेस्कटॉप सहसा काही मिनिटंच टिकतो. तो फाइल सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता असतो, अपडेटसाठी नव्हे. वीज गेलेली असताना आणि यूपीएस बीप बीप करत असताना 'अपडेट अँड शट डाउन' निवडू नका. लॅपटॉप असेल तर अपडेटच्या वेळी चार्जर लावलेला हवा. तुमच्या भागात वीज जाण्याचा दिवस किंवा वेळ ठरलेली असेल, तर अपडेट त्याआधी उरकून घ्या. 'सेटिंग्ज'मधल्या 'विंडोज अपडेट'मध्ये अपडेट काही आठवडे पुढे ढकलता येतात आणि कामाचे तासही ठरवता येतात.

'अपडेट अँड शट डाउन करून झोपलो, सकाळी पाहिलं तर कॉम्प्युटर चालूच' हा अनुभव आला असेल, तर तो भास नव्हता. विंडोज ११ मध्ये हा दोष खरोखरच होता. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस आलेल्या ऐच्छिक अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने तो दुरुस्त केल्याचं जाहीर केलं.

रजिस्ट्रीतला 'जुगाड' करावा का?

'दोन सेकंदांत शट डाउन' असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. त्यात रजिस्ट्री उघडून काही आकडे कमी करायला सांगतात. ही युक्ती खोटी नाही. पण तिने काय होतं, हे त्यात क्वचितच सांगतात.

त्यातला पहिला आकडा 'वेट टू किल सर्व्हिस टाइमआउट'. सर्व्हिसला आवरण्यासाठी मिळणारी ही मुदत. विंडोज एक्सपीत ती २० सेकंद होती, विंडोज ७ मध्ये १२ सेकंद झाली आणि विंडोज ८ पासून ती ५ सेकंदांवर आली आहे. म्हणजे जी कात्री लावायची ती मायक्रोसॉफ्टने आधीच लावली आहे. ५ चे २ सेकंद करून वाचणार ३ सेकंद, आणि त्या ३ सेकंदांत तुमचा डेटाबेस शेवटची नोंद लिहीत असू शकतो.

दुसरा आकडा 'ऑटो एंड टास्क्स'. तो एरवी ० असतो. १ केला की विंडोज अडकलेल्या प्रोग्रॅमबद्दल तुम्हाला न विचारता तो बंद करतं. 'सेव्ह करायचं राहिलंय' हे सांगणारा पडदाच मग येत नाही. ज्याच्या कॉम्प्युटरवर फक्त गेम आणि सिनेमे आहेत, त्याला याने फारसा फरक पडणार नाही. ज्याच्या कॉम्प्युटरवर दुकानाचा हिशेब, प्रबंध किंवा सोसायटीची खाती आहेत, त्याने यापासून लांब राहावं. म्हणतात ना, रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

किती वेळ थांबायचं, हा प्रश्न विंडोजपुरता नाही. लिनक्सच्या अनेक आवृत्त्यांत अडून बसलेल्या सर्व्हिससाठी ९० सेकंद थांबण्याची पद्धत आहे. लिनक्सच्या 'फेडोरा' या आवृत्तीत ही मुदत फार वाटली, म्हणून ती कमी करण्यावर चर्चा झाली. आधी १५ सेकंदांचा प्रस्ताव होता. अखेर २०२३ साली आलेल्या फेडोरा ३८ मध्ये ती ४५ सेकंद ठरली. ऑपरेटिंग सिस्टिम बनवणारेही हा आकडा इतक्या जपून ठरवतात, तर व्हिडिओ पाहून तो बदलण्याआधी आपणही एकदा विचार केलेला बरा.

मग बटण दाबून धरायचं कधी?

कधीच नाही, असं म्हणता येणार नाही. कधी कधी मशीन खरोखरच गोठतं. अशा वेळी तीन गोष्टी पाहा.

स्क्रीनवर अपडेटचा उल्लेख किंवा टक्केवारी आहे का? असेल तर थांबा, तासभर लागला तरी थांबा.

डिस्कचा छोटा दिवा लुकलुकतोय का? लुकलुकत असेल तर लिहिण्याचं काम चालू आहे.

'हे ॲप शट डाउन होऊ देत नाही' असा पडदा आहे का? असेल तर 'कॅन्सल' करा, परत जाऊन फाइल सेव्ह करा आणि पुन्हा बंद करा. 'शट डाउन एनीवे' तेव्हाच दाबा, जेव्हा त्या ॲपमध्ये जपण्यासारखं काही नाही. शट डाउनवर क्लिक करून लगेच उठून जाऊ नका, ते याच पडद्यामुळे. तुमच्या उत्तराची वाट पाहत मशीन चालूच राहू शकतं.

तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल, १५-२० मिनिटं काहीच हललं नसेल, तर पॉवर बटण सुमारे १० सेकंद दाबून धरा. बोर्डावरचा स्विच बंद करण्यापेक्षा हे बरं, कारण तुमचं बोट निदान याच एका मशीनपुरतं असतं. त्याच एक्स्टेंशनवर राउटर किंवा बाहेरची हार्ड डिस्क असेल, तर स्विचबरोबर तिचीही वीज जाते. असं वारंवार करावं लागत असेल, तर मात्र वर सांगितलेली नोंदवही उघडायची वेळ आली आहे.

आज संध्याकाळी एवढं करा

- सगळ्या फाइली सेव्ह करून प्रोग्रॅम स्वतः बंद करा, मग शट डाउन करा आणि मोबाइलवर वेळ मोजा.
- इव्हेंट व्ह्युअरमध्ये २००, २०१ आणि २०३ या नोंदी पाहा.
- नको असलेले स्टार्टअप ॲप्स बंद करा.
- अपडेट बाकी असेल तर वीज असताना आणि हातात वेळ असताना उरकून घ्या.
- एकदा रिस्टार्ट करा, मग पुन्हा वेळ मोजा.
- एका वेळी एकच बदल करा. चार बदल एकदम केले तर कशाचा गुण आला, हे कळणार नाही.

विंडोज ९५ च्या काळात बऱ्याच कॉम्प्युटरना स्वतःहून वीज तोडता येत नसे. काम पूर्ण झालं की काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत 'आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ यायची आणि मग माणूस स्वतः बटण दाबायचा. आज ती ओळ दिसत नाही, पण आतलं काम तेच आहे. ते पुरं व्हायच्या आत स्विच बंद करणाऱ्याला घाटातल्या पाटीवरचा इशारा लागू पडतो : अति घाई, संकटात नेई.